मधली तूट

गुऱ्हाळावर वजन करून निघालेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, मार्केट यार्डात पोचेपर्यंत थोडा हलका होतोच. काही ऊन खातं, काही पोत्याला चिकटतं, काही हमालाच्या बोटांनी तोंडात जातं. बाजारात त्याला तूट म्हणतात आणि तिच्यावरून शहाणा माणूस भांडत नाही. आकारामनं अडतीच्या दुकानात उभा जन्म काढला होता. तूट बघून बघून त्याची नजर अशी झाली होती की माणसांच्या बोलण्यातलीही त्याला दिसायची. व्याह्यानं मानपानाचं तोंडभर बोलावं आणि आकारामनं मनातल्या मनात त्यातून पोत्याचं वजन वजा करावं.

म्हणून त्या रविवारी फोनवर पोरानं जे केलं, ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

पोरगा म्हणजे विजयसिंह. फ्रान्समध्ये ल्यों नावाच्या शहरात यंत्रांच्या कंपनीत नोकरीला. बायको तिथलीच, क्लेर. त्या रविवारी त्याच्या शेजारी त्याची सासू बसली होती. ओदील तिचं नाव. कोल्हापुरात मात्र तिला सगळे विहीणबाईच म्हणत. आकारामची बायको बाळाबाई फोन दोन्ही हातांनी धरून विहीणबाईंशी बोलत होती, अर्थात मराठीत. गॅसवर ठेवलेलं दूध वर येऊन उतू गेलं तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं. ती थांबली. विजयसिंहानं सासूकडं वळून एक शिंक यावी एवढ्या वेळात काहीतरी सांगितलं. विहीणबाई हसल्या, हात हलवला, दोन शब्द बोलल्या.

"म्हणतात, त्यात काय एवढं," विजयसिंह म्हणाला.

"मी काय बोलले, आणि तू काय सांगितलंस?"

"तेच की गं आई. तू आभार मानतेस म्हणून."

"एवढंच?"

"फ्रेंचमध्ये कमी शब्दांत होतं."

आकाराम पेपरामागून हसला. "तूट धर," तो म्हणाला.

बाळाबाईनं फोन बंद केला, ओट्यावरचं दूध पुसलं आणि मग त्याच्याकडं वळली. "पाच शेर घातलं मी. पावशेर पोचवलं त्यानं. ह्याला तूट न्हाय म्हणत, चोरी म्हणत्यात."

आता त्या पाच शेरांत काय होतं, ते सांगायला हवं.

करोनाच्या पहिल्या वर्षी विजयसिंह तिकडं आजारी पडला. दवाखान्यात राहिला, नाकातोंडात नळ्या घालून राहिला आणि शेवटी घरी सोडला तेव्हा जिन्याची एक पायरी चढायची ताकद त्याच्यात नव्हती. क्लेर स्वतः तापानं झोपलेली. तेव्हा ही ओदील, नवरा नसलेली, खेड्यात चार शेळ्या पाळून राहणारी बाई, गाडी घेऊन आली आणि दोघांना उचलून आपल्या घरी घेऊन गेली. विमानं बंद होती. कोल्हापुरातून ल्योंला जायची गोष्टच सोडा, मंगळवार पेठेतून मार्केट यार्डात निघालं तरी पोलीस कुठं चाललाय म्हणून विचारत होते.

रोज संध्याकाळी ओदील फोन लावायची. तिकडं दुपार असायची. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायची, म्हणजे पलंगावर झोपलेला पोरगा दिसावा. बाळाबाई इकडून विचारायची, "जेवला का वो तो?" ती तिकडून काहीतरी बोलायची आणि सुपाची वाटी उचलून फोनपुढं धरायची. वाटी रिकामी असायची. बाळाबाई मान हलवायची, ती मान हलवायची. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी दोघी घटकाघटका बोलत बसायच्या. ती रिकामी वाटी बघितली की बाळाबाईच्या घशाखाली घास उतरायचा.

आकाराम त्या वेळी खोलीत नसायचा. फोन वाजला की तो उठायचा. "टाकी भरली का बघून येतो," म्हणायचा आणि गच्चीवर जायचा. रोज संध्याकाळी बघावं असं टाकीत काय असतं, हे बाळाबाईनं कधी विचारलं नाही. आपली युक्ती बिनबोभाट खपली, असा आकारामनं त्याचा अर्थ लावला.

पोरगा बरा झाला, कामावर गेला. विहीणबाईंशी बोलायचं ते आता त्याच्यामार्फत, आणि मार्फत म्हटलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे. त्या रविवारी दूध पुसता पुसता बाळाबाई म्हणाली, "फुडच्या थंडीत त्या हिकडं येणार हाईत. तवा मी सांगणार. माझ्या तोंडानं, त्यांच्या भाषेत. मधी कुणी नको."

आकारामनं पेपर खाली ठेवला. बायको नेसरीच्या शाळेत दहावी झालेली. इंग्रजीत तिला सही येत होती आणि औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत होतं. वय साठीला टेकलेलं. माल बघून भाव सांगायची सवय असलेल्या माणसानं जो भाव सांगायचा तोच त्यानं सांगितला.

"चार दिवस," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी तू भिशीला जाशील."

दोन गल्ल्या पलीकडं भिशीतल्या मीनाबाईंची मुलगी अक्षता राहायची. विद्यापीठातून फ्रेंच शिकलेली, आता कॉलेजात शिकवणारी. बाळाबाई तिच्याकडं गेली. कॉलेजच्या पोरांत बसायला तिला लाज वाटते हे कळल्यावर अक्षता स्वतःच घरी येऊ लागली, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारच्या चहाला. शिकवणी बाहेरच्या खोलीत आणि आकारामची वामकुक्षी आतल्या खोलीत, मधल्या दाराला नुसता पडदा. झोपेचं सोंग घेऊन दुसऱ्याचा व्यवहार ऐकण्यात अडत्याचा हात कोण धरणार?

पहिल्याच धड्यात गाडी अडली. आपलं नाव सांगून झालं, गाव सांगून झालं. मग अक्षता म्हणाली, "आता घरच्यांची ओळख. माझ्या नवऱ्याचं नाव अमुक अमुक. म्हणा काकू, मों मारी साप्पेल..."

"मों मारी साप्पेल," बाळाबाई म्हणाली आणि थांबली.

"पुढं?"

पुढं काही येईना. अक्षतानं परत सुरुवात करून दिली. बाळाबाई परत तिथवर आली आणि बैल ओढ्याच्या पाण्यापाशी थबकतो तशी थबकली.

"काकू, काकांचं नाव."

"ठाऊक हाय की."

"मग घ्या."

"विजूचे वडील."

अक्षता हसली. "अहो, हे फ्रेंच आहे. त्यांच्यात नवऱ्याचं नाव घेतलं तर काही होत नाही."

"त्यांच्यात होत नसंल. मी हितं बसलीया."

पडद्याआड आकाराम गालातल्या गालात हसला. ही बाई आपलं नाव घेणार नाही, याची त्याला सूर्य उगवण्याइतकी खात्री होती. तिच्या माहेरी, सासरी, कुणीच घेत नसे. रेशनकार्डाच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं तर ती शेजारणीला पुढं करायची. लग्नात उखाणा घेतला होता म्हणे, पण तेव्हा नेमके ताशेवाले रंगात आले होते. आजूबाजूच्या बायका हसल्या, म्हणजे घेतलाच असणार. आकारामला काही ऐकू आलं नव्हतं. एवढ्या संसारात त्यानं आपलं नाव आईकडून, बहिणीकडून, हमालांकडून, बँकेतल्या कारकुनाकडून ऐकलं होतं. तिच्याकडून 'अवो' एवढंच. त्यात काही राहून गेलंय असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

"बरं," शेवटी अक्षता म्हणाली, "तेवढी जागा मोकळी सोडू. बाकीचं वाक्य पाठ करा."

चार दिवस झाले, पाचवा गेला. भिशीला जाताना बाळाबाई रिक्षात बसून काहीतरी पुटपुटत होती, असा निरोप आला. भाकऱ्या थापताना ती बोलायची, वाटाणे सोलताना बोलायची. कुकरच्या शिट्ट्या ती फ्रेंचमध्ये मोजते हे आकारामच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं चिडवलं, "भात शिजला का विचार त्याला, कळतंय का बघू." त्यांचा तो घशातून काढायचा 'र' तिला महिनाभर येईना. ती मोरीत उभी राहून सराव करायची आणि आकाराम बाहेरून विचारायचा, "घशात काटा अडकलाय व्हय?"

आकारामची थोरली बहीण आक्का मलकापुराहून आली, तिनं पहिल्या दिवशीच ठेवून दिलं.

"ह्या वयात इंग्रजी शिकतीस व्हय गं?"

"फ्रेंच, वन्सं."

"तेच की. काय करायचं त्याचं? देवाला कळतंय का ते?"

"देवाला मराठी कळतंय. विहीणबाईंना न्हाय कळत."

यावर आक्का विषय बदलून भाजीच्या भावावर गेली, ही गोष्ट आकारामनं नोंदवून ठेवली. कारण ती फार वर्षांनी घडली होती.

मग एका दुपारी एक प्रकार झाला. जेवण होऊन बाळाबाई चटईवर आडवी झाली होती. डोळा लागला होता. आकाराम शेजारी खुर्चीत पाय पसरून बसलेला. झोपेत तिचे ओठ हलले आणि ती बोलली. मराठी नव्हतं ते. सावकाश, समजुतीच्या सुरात ती कुणाला तरी काहीतरी सांगत होती. मध्ये थांबली, जणू पलीकडचं ऐकत होती, आणि मग बारीक हसली.

आकारामचे पाय आपोआप खुर्चीजवळ आले. या बाईचं सगळं आपल्याला माहीत आहे असं तो धरून चालला होता. तिला डावा गुडघा कधी दुखतो, कुठली भाजी ती नाइलाजानं खाते, रागावली की कुठलं भांडं आपटते. आणि आता तिच्या आत एक खोली निघाली होती, जिथं दिवा लावलेला होता, माणसं बोलत होती आणि ज्या खोलीची किल्ली याच्याकडं नव्हती. साठीच्या तोंडात नवा दात यावा तसं काहीतरी तो बघत होता. तोंड ओळखीचं आणि आवाज कुण्या दुसऱ्याच मुलखाचा.

त्या दिवसापासून त्यानं चिडवणं कमी केलं. बंद नाही केलं; सवय एकदम तुटत नसते.

थंडी आली. गुळाचा हंगाम ऐन भरात होता, तरी आकारामनं दोन दिवस दुकानाला सुट्टी दिली. पुण्याहून गाडी आली. विजयसिंह उतरला, क्लेर उतरली आणि मागून विहीणबाई. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायांत चालायचे जाडजूड बूट. शेळ्या पाळणारं माणूस चालण्यावरून ओळखू येतं, आकारामला ते पसंत पडलं.

बाळाबाईनं अक्षताला मुद्दाम बोलावलं नव्हतं. "परीक्षेला मास्तरीण शेजारी नसती," असं तिचं म्हणणं. उंबऱ्यात तिघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी फिरवलं आणि मग सरळ उभी राहून ती विहीणबाईंशी चार वाक्यं बोलली. आत या, हे घर तुमचंच आहे, प्रवासात दमला असाल, अशा अर्थाची. आकारामला अर्थ ठाऊक होता, कारण ही चार वाक्यं पडद्याआडून ऐकून ऐकून त्याला पाठ झाली होती. विजयसिंहानं सवयीनं अर्थ सांगायला तोंड उघडलं होतं. सांगायला काहीच उरलं नाही म्हटल्यावर त्यानं ते मिटलं.

विहीणबाई मात्र उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. एक पाऊल आत, एक बाहेर. लेकीकडं बघितलं, जावयाकडं बघितलं, पुन्हा बाळाबाईकडं बघितलं. देवळात जाताना मूर्तीनंच 'ये' म्हणावं, तसा चेहरा झाला होता त्यांचा.

जेवणाला पुरणपोळी होती, आणि पुरणपोळीचा एक जुना हिशोब राहिला होता. लग्नाला आल्या होत्या तेव्हा विहीणबाईंनी त्यांच्या रिवाजाप्रमाणं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं होतं. त्यांच्याकडं ताटात टाकणं म्हणजे यजमानिणीचा अपमान. आपल्याकडं पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे घराची अब्रू गेली. त्यांनी संपवावी आणि आक्कानं वाढावी, त्यांनी संपवावी आणि आक्कानं तूप ओतावं. दोन्ही बाजू सभ्यतेनं लढत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी विहीणबाई ओवा खाऊन अंथरुणात पडल्या. विजयसिंहाला विचारलं तर म्हणाला होता, "त्यांना फार आवडली."

यावेळीही मलकापुराहून आलेली आक्का तुपाची वाटी घेऊन निघाली, तोच बाळाबाई विहीणबाईंकडं वाकून काहीतरी म्हणाली आणि बोटानं ताटातला एक घास बाजूला सारून दाखवला. विहीणबाई ऐकत राहिल्या. मग त्यांना इतकं हसू आलं की रुमाल तोंडाला लावावा लागला. त्यांनी पोळीचा एक तुकडा ताटाच्या कडेला नीट ठेवला आणि हात जोडले. आक्का तूप घेऊन उभीच.

"काय सांगितलंस तिला?"

"पोट भरलं की थोडं ताटात ठेवायचं. तवर तुमी थांबत न्हाय म्हणाले."

"माझं गाऱ्हाणं सांगितलंस व्हय परदेशात?"

आकाराम जेवत होता, पण त्याचं लक्ष घासात नव्हतं. एवढं जड भांडण, दोन मुलखांच्या रीतीभातींचं. आणि एका वाक्यानं मिटलं.

संध्याकाळी चहा झाला. बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. बाळाबाईनं पदर नीट केला, विहीणबाईंच्या समोर खुर्ची ओढून घेतली आणि बसली. आकारामला कळलं, आता पाच शेर. त्यासाठी एवढे मंगळवार आणि एवढे शुक्रवार. अक्षताकडून तिनं सगळं बसवून घेतलं होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

तिनं सुरुवात केली. एक वाक्य गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या मध्यात ती थांबली.

पुन्हा मागं गेली, पुन्हा तिथवर आली, पुन्हा थांबली. तिच्या पायाचा अंगठा फरशीवर दाबला गेलेला आकारामला दिसला. लिलावात बोली लागायची थांबली की शेतकरी जसा आपल्याच गुळाकडं बघतो, तशी ती आपल्या तळव्यांकडं बघत होती. आपण त्या दिवशी 'चार दिवस' म्हणालो होतो, ते आकारामला आठवलं आणि चहा कडू लागला.

"आई, राहू दे," विजयसिंह हळूच म्हणाला. "मराठीत सांग. सगळं सांगतो मी, काही गाळत नाही."

बाळाबाईनं त्याच्याकडं न बघता हात वर केला. चालती रिक्षा थांबवावी तसा. पोरगा थांबला.

मग तिनं पाठ केलेलं सगळं सोडून दिलं. कसं कळलं म्हणाल तर सूर बदलला. मघाचा आवाज शाळेत कविता म्हणणाऱ्या पोरीचा होता. आता ती वाटाणे सोलताना बोलते तशी बोलू लागली. लहान लहान शब्द. एक ठेवायचा, तो बसला का बघायचं, मग दुसरा ठेवायचा. आकारामला त्यात 'विजू' ऐकू आला. तिनं वाटी उचलल्याची खूण केली. विहीणबाईंचा हात गळ्यापाशी गेला.

आणि मग ती म्हणाली, "आकाराम."

त्याला वाटलं, कुणीतरी दारातून हाक मारली. तो दाराकडं बघूही लागला.

"आकाराम," ती पुन्हा म्हणाली. विहीणबाईंकडंच बघत, जराही न अडखळता, वाक्याच्या ऐन मध्यात, जिथं इतके दिवस जागा मोकळी होती.

आक्काच्या हातातली कपबशी वाजली. "अगंबाई," ती म्हणाली. "नाव घेतलं की हिनं."

आकारामचं काय झालं ते त्याला शब्दांत सांगता आलं नसतं, कुठल्याच भाषेत. आपलं नाव एवढं लांबलचक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. चार अक्षरं, आणि प्रत्येकाला वेगळं वजन. हजार वेळा सही करून गुळगुळीत झालेलं ते नाव तिच्या तोंडून असं निघालं होतं की जणू कुणी डबीत कापूस घालून जपलं होतं आणि आज पहिल्यांदा बाहेर काढलं होतं. तो नुसता ऐकत राहिला. त्या परक्या शब्दांच्या लोंढ्यात तो फक्त स्वतःला ओळखत होता.

तिसऱ्यांदा नाव आलं, आणि बाळाबाईनं बोट वर केलं. छताकडं.

छताच्या वर गच्ची आणि गच्चीवर टाकी.

आता मात्र आकारामला अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती. तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. पाणी नव्हतंच त्या वेळी, पाणी सकाळी यायचं. टाकीआड उभा राहून, कठड्याला धरून तो काय करत होता, ते जिन्यातून खाली ऐकू येत असणार. फोनपुढं बसून ती इकडं वाटी बघत होती आणि वरचं ऐकत होती. आणि मग रोज तो खाली आला की विचारायची, "भरली का?" आणि तो म्हणायचा, "भरत आलीया."

बाळाबाईचं बोलणं संपलं. शेवटचा शब्द 'मेर्सी' होता, तो आक्कालाही कळला. विहीणबाईंनी लगेच हात हलवला नाही, 'त्यात काय एवढं' म्हटलं नाही. काट्याच्या पारड्यात जड माल पडला की पारडं सावकाश खाली जातं, तसे त्यांचे खांदे खाली गेले. पाच शेर. पोत्याचंसुद्धा वजन न कापता. माल पोचल्याचं आकारामनं जन्मभर बघितलं होतं, पण असं पोचलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

मग विहीणबाई त्याच्याकडं वळल्या. "आकाराम," त्या म्हणाल्या, तो घशातला 'र' लावून. आणि उभ्या राहून बाळाबाईला काहीतरी विचारलं.

"अवो," बाळाबाई म्हणाली. "विहीणबाईंना टाकी बघायची हाय."

"टाकी?"

"व्हय. टाकी."

घरात आलेल्या पाहुण्याला काय दाखवावं याचे काही दंडक असतात. पण पाहुणं स्वतःच जिन्याकडं निघालं. आकाराम पुढं, त्याच्यामागं विहीणबाई, मागं बाळाबाई. विजयसिंह उठायला लागला तशी क्लेरनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवला. शहाणी पोरगी.

वर उजेड अजून होता. लांब जोतिबाचा डोंगर निळसर झालेला. दोरीवर कपडे, कोपऱ्यात जुनी कुंडी आणि मधोमध ती काळी प्लास्टिकची टाकी, जिच्याकडं प्लंबर सोडून कुणी कौतुकानं बघितलं नव्हतं. विहीणबाई तिच्याजवळ गेल्या. चप्पल काढायला थांबावं तशा क्षणभर थबकल्या. मग त्यांनी आपला रुंद, चिरा पडलेला तळवा टाकीवर ठेवला. गाभण शेळीच्या पाठीवर ठेवतात तसा, आत काय आहे ते कळावं म्हणून.

आणि त्या बोलू लागल्या. टाकीवरचा हात न काढता. बाळाबाईला कळावं म्हणून सावकाश बोलत होत्या. मध्येच ती काहीतरी विचारायची, त्या तेच पुन्हा सोप्या शब्दांत सांगायच्या. पुष्कळ बोलल्या. एका ठिकाणी बाळाबाईनं तोंडावर हात घेतला.

आकाराम थांबला. थांबायची त्याला सवय नव्हती. व्यवहार त्याच्या पुढ्यात व्हायचे, त्याच्यामार्फत व्हायचे. आज दोघी मालकिणी समोरासमोर होत्या आणि अडत्या बाजूला उभा होता. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. मोठ्या नदीच्या काठावर उभं राहिल्यावर माणसाला वाईट वाटत नाही, तसंच.

"काय म्हणत्यात?" शेवटी त्यानं विचारलं.

बाळाबाईनं पदरानं डोळे पुसले. "ती वाटी," ती म्हणाली. "रिकामी दाखवायच्या त्या. पर आपला विजू रोज कुठं जेवत हुता? घोटभर घ्यायचा, तोंड फिरवायचा. मग फोन लावायच्या आधी ह्या उरलेलं शेळ्यांना घालायच्या. वाटी धुवून पुसून मला दाखवायच्या."

आकारामनं टाकीवरच्या त्या तळव्याकडं बघितलं.

"मी हिकडं जेवावं म्हणून. आणि फोन ठेवला की मग जायच्या गोठ्यात, आणि रडत बसायच्या शेळ्यांत. त्यांची टाकी ती."

ती रिकामी वाटी त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यानं स्वतः ती कधी बघितली नव्हती. बायकोच्या तोंडावर तिचा उजेड पडलेला तेवढा बघितला होता. विमानं बंद, रस्ते बंद, भाषा नाही. आणि हजारो कोसांवरून एका बाईनं दुसरीच्या घशाखाली घास उतरवला होता. खोटा माल दाखवून. माल मध्ये राहतो तो उन्हानं, पोत्यानं नाहीतर चोरीनं, असं आकाराम आजवर धरून चालला होता.

त्याला विहीणबाईंना काहीतरी सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि कळलं की आपल्याकडं एक शब्द नाही. पडद्याआडून पाठ झालेली चार वाक्यं होती, त्यातलं एकही या जागी बसणारं नव्हतं. मग त्याला पहिल्या धड्यातलं नाव सांगायचं वाक्य आठवलं, तेही अर्धंच. त्यानं बायकोकडं बोट केलं आणि विहीणबाईंना म्हणाला, "साप्पेल बाळाबाई."

विहीणबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. बाळाबाईला लाजावं की चूक दुरुस्त करावी हे ठरेना. विहीणबाई त्याच्या हाताचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन पुन्हा बरंच काही बोलल्या.

"आता काय?"

"म्हणत्यात, चांगलं म्हणालात."

"एवढंच? त्या तर केवढं बोलल्या."

"तूट धरा की," बाळाबाई म्हणाली.

खालून जिन्यातून आक्काची हाक आली. "अरं आकाराम, टाकी भरली का रं?"

तो उत्तर द्यायला वळला. त्याच्याआधी बाळाबाईच जिन्याच्या तोंडाशी वाकली.

"भरली, वन्सं," ती म्हणाली. आणि विहीणबाईंकडं वळून, खालून काय विचारलं होतं आणि आपण काय सांगितलं, ते त्यांना नीट, काही न गाळता, सांगू लागली.